मुलीला शाळेत 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' लावलंय. चिकानो साहित्य म्हणजे नक्की काय आणि पुढे काय वाचू?

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला येऊन बारा वर्षं झाली पण हा प्रश्न आत्ता पडतोय. मुलगी नववीत आहे, तिला इंग्लिशच्या तासाला सांद्रा सिस्नेरोसचं हे पुस्तक लावलंय. हातात घेतलं तर शंभरेक पानांचं, एकेक प्रकरण दोन पानांचं, काही तर अर्ध्या पानात संपतात, म्हटलं हे काय लहान मुलांचं असणार, पोरीच्या आधी मीच उरकून टाकते. एका दुपारी वाचून झालं आणि मग दोन दिवस भाजी निवडताना, गाडी चालवताना तेच डोक्यात. ती मामासिता म्हणून बाई आहे ना, तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली उतरत नाही, दिवसभर स्पॅनिश रेडिओ लावून बसते, आणि तिचं नुकतंच बोलायला लागलेलं बाळ टीव्हीवरचं पेप्सीचं गाणं म्हणायला लागतं. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ.

तर मला सांगा, मागच्या कव्हरवर 'चिकाना लेखिका' असं लिहिलंय, हे चिकानो म्हणजे इकडे आलेले मेक्सिकन लोक असंच ना? आमच्या ओळखीत मेक्सिकन म्हणजे लॉन कापायला येणारे आणि छपराचं काम करणारे एवढेच (लिहिताना लाज वाटतेय पण खरं तेच आहे). त्यांचं एवढं साहित्य आहे हेच माहीत नव्हतं. आणि मधेमधे स्पॅनिश शब्द येतात त्यांचा अर्थ कधी देतात कधी नाही, ते मुद्दाम का? शिवाय एकदोन प्रकरणं चौदा वर्षांच्या मुलीसाठी जड वाटली मला, जत्रेतलं ते लाल विदूषकांचं वगैरे. कोणी वाचलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि यानंतर काय वाचू तेही सांगा.

रानवाटा

मेथीताई, पहिलंच वाक्य दुरुस्त करतो, राग मानू नका. 'इकडे आलेले' हे सगळ्यांना लागू नाही. १८४६ ला अमेरिका-मेक्सिको युद्ध झालं, फेब्रुवारी १८४८ मध्ये ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला, आणि आधी गेलेला टेक्सस धरला तर मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख अमेरिकेकडे आला. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको ही नावं बघा की, निम्मी स्पॅनिश आहेत. तिथली माणसं जागची हललीच नाहीत, देश बदलला. त्यांच्यात म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आम्हाला ओलांडून गेली. नंतर पोटासाठी आलेलेही लाखो आहेत, १९१० नंतर क्रांतीच्या धामधुमीत आलेले, मग १९४२ ते ६४ ब्रासेरो योजनेत शेतमजूर म्हणून बोलावलेले. पण मूळ दुखणं तहापासूनचं आहे आणि ते डोक्यात ठेवलं नाही तर हे साहित्य 'बिचारे स्थलांतरित' छापाचं वाटायला लागतं, जे ते नाही.

चिकानो हा शब्द आधी हिणवायलाच वापरायचे, मेक्सिकन घरांतली जुनी माणसंसुद्धा नाक मुरडायची. साठच्या दशकात पोरांनी तो उचलून छातीवर लावला. रुबेन सालाझार म्हणून लॉस एंजेलिस टाइम्सचा पत्रकार होता, त्याने १९७० मध्ये लिहिलं की ज्या मेक्सिकन-अमेरिकन माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमा गोऱ्यांकडून उसनी घेतलेली नाही तो चिकानो. त्याच वर्षी २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चिकानो मोर्च्याच्या दिवशी तो एका कॅफेत बसलेला असताना शेरिफच्या माणसाने झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून गेला.

आता भाषेचं. तुम्ही टेक्ससात आहात म्हणून टेक्ससचीच गोष्ट सांगतो. १९०१ चा जून. कार्न्स काउंटीचा शेरिफ घोडाचोर शोधत ग्रेगोरिओ कोर्तेस नावाच्या शेतकऱ्याच्या दारात गेला. सोबत दुभाषा, त्याचं स्पॅनिश यथातथाच. विचारलं, अलीकडे घोड्याचा सौदा केलास का? कोर्तेस म्हणाला नाही. खरंच सांगितलं त्याने, कारण त्याने केला होता तो घोडीचा. आपल्याकडेसुद्धा गावातल्या माणसाला 'घोडा घेतला का' विचारलं तर तो म्हणेल नाही, घोडी घेतली. स्पॅनिशमध्ये काबायो वेगळा, येग्वा वेगळी, दुभाष्याला दोन्ही एकच. मग कोर्तेस म्हणाला मला कशासाठीच अटक करता येत नाही, तर त्याचं भाषांतर झालं की मला कुठलाच गोरा अटक करू शकत नाही. गोळीबार झाला, कोर्तेसचा भाऊ जखमी, शेरिफ ठार, आणि मग हा माणूस दहा दिवस पायी नि घोड्यावर शेकडो मैल पळतोय आणि मागे टेक्सस रेंजर्स (तिथले सशस्त्र पोलीस) नि जमाव. सापडला तो लारेडोजवळ, सीमा हाकेच्या अंतरावर असताना. १९१३ ला माफी मिळाली.

यावर सीमेवरच्या लोकांनी गाणी रचली, त्यांना कोर्रिदो म्हणतात, गिटारवर म्हणायची कथागीतं. अमेरिको पारेदेस नावाच्या ब्राउन्सव्हिलच्या माणसाने (आधी पत्रकार, गाणारा, नंतर ऑस्टिनला प्राध्यापक) त्या गाण्यांचा माग काढून १९५८ मध्ये 'विथ हिज पिस्टल इन हिज हँड' लिहिलं. आहे विद्यापीठाचं संशोधन, पण वाचायला कादंबरीसारखं, आणि त्यात टेक्सस रेंजर्सची शौर्यगाथा अशी काही सोलून काढलीये की एक माजी रेंजर लेखकाला गोळी घालायची भाषा करत होता म्हणे. माझ्या मते चिकानो साहित्याचं खरं दार हे आहे. पुस्तकभर दिसतं की चुकीच्या भाषांतराने माणसं मरतात. त्यामुळे हे लेखक स्पॅनिश शब्द तसेच ठेवतात तेव्हा मला तो मसाला वाटत नाही, दुभाष्यावरचा अविश्वास वाटतो.

पुढचं भराभर सांगतो, जेवायला हाका मारतायत. १९६५ ला कॅलिफोर्नियात डेलानोला द्राक्षमळ्यांतला संप झाला (सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, आठवड्याभराने सेझार चावेझ आणि दोलोरेस उएर्ताची संघटना उतरली, हे बरेच जण विसरतात), त्यात लुईस वाल्डेझने ट्रकच्या उघड्या पाठीवर मजुरांनाच घेऊन नाटकं बसवली, एल तेआत्रो काम्पेसिनो. गळ्यात पाट्या, मालक, संपफोड्या वगैरे, आणि मालकाच्या तोंडाला डुकराचा मुखवटा. १९६७ ला डेन्व्हरच्या कॉर्की गोन्झालेस या माजी बॉक्सरची 'यो सोय वाकिन' (म्हणजे 'मी वाकिन') ही लांबलचक कविता आली, ती मोर्च्यात वाचायचे. त्याच वर्षी बर्कलीला किन्तो सोल प्रकाशन निघालं कारण न्यूयॉर्कचे प्रकाशक दारात उभं करत नव्हते, आणि त्यांनी बक्षीस सुरू केलं. पहिलं तोमास रिव्हेराला, दुसरं रुडॉल्फो अनायाला, तिसरं रोलान्दो इनोहोसाला. तुम्ही रिव्हेरापासून सुरू करा. छोटं आहे, मूळ स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही एकाच पुस्तकात मिळतं.

तिरकसराव

माहिती उत्तम पण मला एक कळत नाही, हे सगळं साहित्य आहे की मोर्च्याचं साहित्य-सामान? कविता मोर्च्यात वाचतात, नाटक संपात करतात. असू दे, पण वीस वर्षांनी वाचवतं का ते?

मी यातला एकच लेखक मनापासून वाचलाय, रिचर्ड रॉड्रिगेझ, 'हंगर ऑफ मेमरी', १९८२. चिकानो मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडतात कारण तो द्वैभाषिक शिक्षणाच्या आणि आरक्षणाच्या विरोधात बोलला, आणि मिळत असलेल्या प्राध्यापकीच्या नोकऱ्याही त्याच कारणाने नाकारल्या, हे निदान मान्य करा. त्यात तो प्रसंग आहे, सॅक्रामेंटोला शाळेतल्या नन घरी येतात आणि आईवडिलांना सांगतात की मुलांशी घरी इंग्रजी बोला. ते बिचारे ऐकतात. एके दिवशी मुलगा स्वयंपाकघरात जातो तर आईवडील आपसात स्पॅनिश बोलत असतात आणि त्याला बघून इंग्रजीवर येतात. हा माणूस म्हणतो की ते झालं म्हणून मी शिकलो, नि ते झालं म्हणून घर शांत झालं. दोन्ही म्हणतो. असला प्रामाणिकपणा घोषणा देणाऱ्यांत दाखवा.

रानवाटा

राव, रॉड्रिगेझचं गद्य देखणं आहे, वाद नाही. पण रिव्हेरा वाचून मग बोला. त्यात घोषणा शून्य. टेक्ससच्या क्रिस्टल सिटीत जन्मलेला, स्वतः आईबापांबरोबर बीट आणि काकड्या काढायला मिनेसोटापर्यंत जाणारा पोरगा, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसचा चान्सेलर झाला, १९८४ ला गेला, पन्नाशीही गाठली नाही. कादंबरी एवढीशी, बारा गोष्टी आणि मधेमधे चार-पाच ओळींचे तुकडे. एका गोष्टीत उन्हात मुलं गुरांच्या टाकीवर पाणी प्यायला जातात, मालकाला ते नकोय कारण कामाचा वेळ जातो, तो नुसतं घाबरवायला गोळी झाडतो आणि ती मुलालाच लागते. दीड पानात संपतं. लेखक एक विशेषण वापरत नाही.

दुसऱ्या एका गोष्टीत ट्रकमध्ये उभी माणसं भरून उत्तरेला चाललीयत, पहाटे चारला ट्रक बंद पडतो आणि अंधारात प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येतं, पोचलो की असं करू, पोचलो की चांगलं अंथरूण, पोचलो की हे काम सोडू. साखर कारखान्याच्या टोळीचा ट्रक घाटात बंद पडलेला मी लहानपणी पाहिलाय, त्यामुळे मला ती गोष्ट परकी वाटलीच नाही. पुस्तकाचं नाव आहे '...आणि धरणीने त्याला गिळलं नाही' अशा अर्थाचं. बापाला आणि धाकट्या भावाला उन्हाचा झटका बसतो, आई नवस-प्रार्थना करतेय, पोरगा चिडून देवाला शिवी देतो आणि मग पायाखाली बघतो, जमीन घट्टच. संपलं. यात मोर्चा कुठेय?

निळी_शाई

रानवाटा, दंडवत, पण तुमच्या यादीत नावापुरती एक दोलोरेस उएर्ता सोडली तर बाई नाही, आणि प्रश्न विचारलाय सिस्नेरोसवर! हे तुमचं एकट्याचं नाही म्हणा, चळवळीचंही हेच झालं. ती 'यो सोय वाकिन' परत वाचा, त्यात राजे, क्रांतिकारक, दरोडेखोर सगळे 'मी' आहेत आणि बाया मात्र काळी शाल घेतलेल्या, निष्ठावान, बरोबर मरणाऱ्या किंवा जगणाऱ्या.

ऐंशीच्या दशकात पोरींनी हे उलटवलं आणि माझ्या मते खरं मोठं लिखाण तिथून पुढे आलं. ग्लोरिया आन्साल्दुआ, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली, शेतमजुराची मुलगी. १९८७ चं 'बॉर्डरलँड्स', अर्धं निबंध अर्धं कविता, मधेच स्पॅनिश, मधेच इंग्रजी, मधेच सीमेवरची धेडगुजरी. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलली म्हणून बाईंनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारलेली, कॉलेजात चिकानो मुलांना उच्चार 'सुधारायचे' सक्तीचे वर्ग. आणि घरची मंडळी? आई म्हणायची की इंग्रजी मेक्सिकनांसारखं बोलशील तर एवढं शिकून काय उपयोग. दोन्हीकडून मार. तिचं म्हणणं असं की मला दर वेळी भाषांतर करून द्यावं लागतंय तोवर माझी जीभ अनौरसच राहणार. रानवाटांचा दुभाष्याचा मुद्दा छान आहे पण तो अर्धाच आहे, कारण आन्साल्दुआ स्पॅनिशवरही खूश नाही. 'शुद्ध' स्पॅनिशवाले तिच्या बोलीला हसतात, तिच्या समलिंगी असण्यावर घरचीच माणसं गप्प होतात. ती सीमेला उघडी जखम म्हणते, ती जखम तिच्या घरातूनही गेलीये.

सिस्नेरोसबद्दल: ती टेक्ससची नव्हे, शिकागोची, १९५४ चा जन्म, सहा भावांत एकटी बहीण. आयोवाला लेखन शिकायला गेली तेव्हा वर्गात घराच्या प्रतिमेवर चर्चा चालली होती, माळा, तळघर, आठवणींचं घर, आणि हिला वाटलं माझ्याकडे असलं घर नाहीच की. त्या चिडीतून मँगो स्ट्रीट. आणि मेथीताई, १९८४ ला ते पहिल्यांदा छापलं ते तुमच्याच गावात, ह्यूस्टन विद्यापीठाच्या आर्ते पुब्लिको प्रेसने, निकोलास कानेयोसने १९७९ ला काढलेली छोटी संस्था. न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनाला जाग यायला १९९१ उजाडलं.

लाल विदूषकांचं प्रकरण जड आहेच, पण मी मुलीला वाचू दिलं असतं. तिथे एस्पेरान्सा, म्हणजे गोष्ट सांगणारी मुलगी, काय झालं ते सांगत नाही बघा, मैत्रिणीला म्हणते तू खोटं बोललीस, पुस्तकांनी, मासिकांनी सगळ्यांनी खोटं सांगितलं. चौदाव्या वर्षी हे पुस्तकात वाचलेलं बरं.

पुढे वाचायला एलेना मारिया विरामोन्तेस, 'अंडर द फीट ऑफ जीझस', १९९५. द्राक्षं खुडणारी तेरा वर्षांची एस्त्रेया, फवारणीचं विमान अंगावरून जातं आणि एक पोरगा आजारी पडतो. मनुकांच्या खोक्यावर ती लाल टोपीतली हसरी बाई असते ना, ती बाई कशी खोटी आहे हे एका परिच्छेदात असं लिहिलंय की मी त्या दिवसापासून शिऱ्यात मनुके टाकताना थबकते.

उंटावरचा_शहाणा

वाचतोय. कोर्रिदो म्हणजे सरळ पोवाडाच की हो! आणि ते ट्रकवरचं नाटक म्हणजे जलसा. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, तेच नाही का, मजूर आपलीच सोंगं काढतो, वरच्याची टर उडवतो. आणि शिवी म्हणून वापरलेला शब्द अभिमानाने लावणं तर 'दलित'चं... साल पण बघा, दलित पँथर १९७२, अनायाची 'ब्लेस मी, अल्तिमा' १९७२.

अवांतर: मेक्सिको आणि मराठी म्हटलं की पांडुरंग खानखोजे आठवतात. वर्ध्याचा माणूस, गदरवाला, इंग्रजांनी परतीचे रस्ते बंद केले तेव्हा मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिव्हेराने (चित्रकार, वरचा लेखक नव्हे) त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. चिकानोंशी संबंध नाही, माहितेय, पण राहवलं नाही.

रानवाटा

खानखोजेंसाठी अवांतर माफ. पण जलशाचं जरा जपून. 'दलित' हा शब्द शिवी कधीच नव्हता, तो चळवळीने निवडलेला, 'चिकानो' उलट आला. पोवाडा बहुतेक जिंकणाऱ्याचा असतो, राजाचा, सरदाराचा. कोर्रिदोतला नायक शेवटी पकडला जातो आणि तरी गाणं त्याचंच. जलशाचं मात्र मान्य, ते साम्य मलाही जाणवलंय.

अनायाचं नाव काढलंत म्हणून: न्यू मेक्सिकोच्या माळावरचा छोटा अँतोनियो, बापाकडचे घोड्यावर भटकणारे, आईकडचे जमिनीला धरून राहणारे शेतकरी. त्याच्या जन्माच्या वेळी दोन्ही घराणी भांडतात की याची वार कुठे पुरायची, तेव्हा अल्तिमा ही वैदू म्हातारी म्हणते मी पुरेन, आणि ते कुठे हे फक्त मला माहीत. 'नाळ पुरलीय तिथे' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं समजवायला नको. सुरुवात थोडी संथ आहे, घुबड आलं की पकड घेते.

आणि तिरकसराव, वीस वर्षांनी वाचवतं का विचारलंत ना, २०१२ च्या जानेवारीत अ‍ॅरिझोनात टूसॉनच्या शाळांत मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद करून वर्गातली पुस्तकं खोक्यांत भरून नेली. त्यावर ह्यूस्टनच्या लेखकांनी बस भरून पुस्तकं नेली आणि स्वतःला लिब्रोत्राफिकान्ते म्हणवून घेतलं, पुस्तकांचे तस्कर. २०१७ ला कोर्टाने ती बंदी वांशिक आकसातून केली असं म्हणत घटनाबाह्य ठरवली. शिळ्या पुस्तकांची कोणी खोकी भरत नाही.

तिरकसराव

बरं बरं, रिव्हेरा मागवतो. रॉड्रिगेझवरचं माझं मत तेच राहील.

मेथीची_जुडी

सगळ्यांचे खूप आभार, मी पण चारदा वाचला धागा. आधी कबुली, लॉनवाल्यांचं जे लिहिलं ते खोडणार होते, मग म्हटलं राहू दे. काल आमच्याकडे येतात त्यांना विचारलं तुम्ही मूळ कुठले, तर म्हणाले सान अँतोनियो. म्हटलं नाही, त्याच्या आधी? तर म्हणाले त्याच्या आधी पण सान अँतोनियो. मी गप्प बसले.

तिरकसराव, तुमच्या त्या नन वाचून पोटात गोळा आला. आमची ही तीन वर्षांची होती तेव्हा डेकेअरच्या बाईंनी अगदी प्रेमाने हेच सांगितलेलं, घरी इंग्रजी बोला म्हणजे तिला सोपं जाईल. आम्ही बोललो. आता ती मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत, आणि आजीशी फोनवर तीन वाक्यं, कशी आहेस, जेवलीस का, बाय. त्यामुळे मला रॉड्रिगेझ पटतोय की आन्साल्दुआ हे अजून ठरत नाहीये, दोघांचाही राग येतोय थोडा.

मुलीला हे सगळं सांगायला गेले तर तिने अर्ध्यावरच हात वर केला, आई मला निबंध लिहायचाय लेक्चर नको. तिने विषय निवडलाय 'माय नेम' प्रकरणाचा, जिथे एस्पेरान्सा म्हणते की माझ्या नावाचा इंग्रजीत अर्थ आशा पण स्पॅनिशमध्ये नुसती खूप अक्षरं. हिचं नाव ज्ञ वरून आहे, इंग्रजीत डी-एन-वाय करत लिहावं लागतं, दर ऑगस्टला नवीन टीचर हजेरी घेताना डी वर येऊन थांबते आणि ही आपणहून हात वर करून 'हिअर' म्हणते, नाव पुरं होऊच देत नाही. हे मला माहीत नव्हतं, निबंधात वाचलं. नाव आम्ही हौसेने ठेवलेलं हो, पत्रिका बिघडू नये म्हणून नाही.

निळी शाई, मनुक्यांचं वाचून नवऱ्याने डबा उचलून बघितला, बाई आहे. रिव्हेराची दोन भाषांतली प्रत लायब्ररीत होल्डवर टाकलीये, माझ्यापुढे चार जण आहेत. पारेदेस लगेच मिळालं, आज रात्री घोडीपासून सुरू करते.